कामाची लाँगसोर्ड: निवडायची कशी, तपासायची कशी, सांभाळायची कशी

तलवारीची प्रतिकृती विकणारा प्रत्येक जण 'फंक्शनल' आणि 'बॅटल रेडी' हे शब्द सढळ हाताने वापरतो. त्याला लगेच उलटा प्रश्न विचारावा, कोणत्या कामासाठी? उत्तर-मध्ययुगीन युरोपातल्या लाँगसोर्डच्या प्रतिकृतीकडून आज आपण तीन वेगवेगळी कामे मागतो. पहिले कापण्याचे. भिजवलेल्या चटईची गुंडाळी किंवा पाण्याने भरलेली बाटली एका घावात तोडायची, तर पाते पातळ आणि धारदार लागते. दुसरे काम समोरच्या माणसाशी खेळण्याचे. तिथे कडा बोथट आणि टोक वाकणारे हवे, नाहीतर जोडीदार दवाखान्यात. तिसरे, एकट्याने पवित्रे आणि घाव घोटण्याचे. त्याला धार नसली तरी चालते, पण वजनाचा तोल मूळ तलवारीसारखा लागतो. ही तिन्ही कामे करणारी एक तलवार कोणी बनवत नाही, बनवता येतही नाही. त्यामुळे आपले काम ठरल्याशिवाय फोटो बघत बसू नका, कारण फोटोत सगळ्याच छान दिसतात.

मी जर्मनीत राहतो आणि इथल्या एका क्लबात लाँगसोर्ड शिकतो. पुढे जे लिहिले आहे ते तिथल्या रोजच्या वापरातून आणि क्लबातल्या जुन्या मंडळींच्या तोंडून आलेले आहे.

आधी मूळ वस्तू समजून घ्या

लाँगसोर्डचा काळ ढोबळमानाने १३५० ते १५५०. सरळ पाते, दोन्ही बाजूंना धार, मुठीपुढे हात वाचवणारा आडवा क्रॉसगार्ड, दोन हात मावतील एवढी मूठ आणि तिच्या शेवटाला वजनदार गोळा, म्हणजे पॉमेल. एकूण लांबी साधारण १०० ते १३० सेंटिमीटर. वजनाबद्दल मात्र लोकांच्या डोक्यात भलतेच काही असते. मध्ययुगीन तलवार पाच-दहा किलोची होती असे अजूनही ठामपणे सांगणारे भेटतात. संग्रहालयांतले बहुतेक अस्सल नमुने १.२ ते १.६ किलोच्या दरम्यान भरतात. दीड लिटरची पाण्याची बाटली उचलून बघा, झाले. एखाद्या विक्रेत्याच्या पानावर 'वजन २.३ किलो' दिसले, तर ती वस्तू भिंतीसाठी आहे असे समजून पुढे चला.

ब्रिटिश अभ्यासक ईवर्ट ओकशॉट यांनी १९६० च्या सुमारास मध्ययुगीन तलवारींचे पात्याच्या आकारावरून वर्गीकरण केले. आजचे चांगले कारागीर त्याच भाषेत बोलतात, म्हणून दोन-तीन प्रकार तरी ओळखीचे असावेत. टाइप १३ए म्हणजे रुंद पाते, दोन्ही कडा जवळजवळ समांतर, काम मुख्यतः कापण्याचे. टाइप १५ए मुळाशी रुंद आणि टोकाकडे झपाट्याने निमुळती होत जाते. तिचा छेद चपट्या शंकरपाळ्याच्या आकाराचा, त्यामुळे पाते ताठ राहते आणि भोसकायला उत्तम. टाइप १८ए या दोहोंच्या मधली, कापायला आणि भोसकायला सारखीच बरी.

कापणाऱ्या रुंद पात्याकडून भोसकणाऱ्या निमुळत्या पात्याकडे हा बदल चिलखतामुळे झाला. चौदाव्या शतकात अंगावरचे पोलादी पत्र्याचे चिलखत वाढत गेले आणि धारेचा घाव त्यावरून घसरू लागला. मग काखेतली फट, कोपराची आतली बाजू, शिरस्त्राणाची चीर अशा जागा टोकाने शोधणे भाग पडले. त्या काळच्या सचित्र हस्तलिखितांत लढवय्ये एक हात मुठीवर आणि दुसरा थेट पात्याच्या मध्यावर धरून टोक नेमके घुसवताना दिसतात. काही चित्रांत तर तलवार उलटी करून, दोन्ही हातांनी पाते पकडून, पॉमेल आणि क्रॉसगार्डने हातोड्यासारखा प्रहार केलेला आहे. म्हणजे मूठ, क्रॉसगार्ड आणि पॉमेल हे तलवारीचे काम करणारे भाग होते. प्रतिकृतीत ते खुळखुळत असतील, तर बाकी कितीही नक्षी असो, ती कामाची नाही.

जमल्यास खरेदीआधी एखादे संग्रहालय बघून या. लीड्सचे रॉयल आर्मरीज, लंडनचे वॉलेस कलेक्शन, न्यूरेंबर्गचे जर्मेनिशेस नॅशनलम्युझियम. काचेआडून का होईना, अस्सल पाती किती पातळ असतात हे डोळ्यांनी बघितले, की बाजारातल्या जाडजूड लोखंडी पट्ट्या आपोआप मनातून उतरतात.

पैसे देण्याआधी कायदा

हा भाग कंटाळवाणा आहे, तरी गाळू नका.

महाराष्ट्रात, किंबहुना भारतात कुठेही राहत असाल, तर शस्त्र अधिनियम १९५९ तुम्हाला लागू होतो. शस्त्र नियम २०१६ च्या पहिल्या परिशिष्टात पाचव्या वर्गात तलवारी, खंजीर, भाले आणि नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारे येतात. अधिनियमाच्या कलम ४ नुसार सरकारने अधिसूचित केलेल्या भागात अशी हत्यारे परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत. 'तलवार बाळगल्याप्रकरणी कलम ४, २५ अन्वये गुन्हा' ही ओळ आपल्याकडच्या वर्तमानपत्रात आठवड्याला दिसते. वाढदिवसाचा केक तलवारीने कापून तो व्हिडिओ टाकणाऱ्यांनाही पोलिसांनी उचलले आहे.

बोथट आहे म्हणून सुटका होईल असे धरून चालू नका. 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येतून खेळण्यांपैकी कायदा फक्त अशीच वगळतो, ज्यांचे वापरण्याजोग्या हत्यारात रूपांतर होऊच शकत नाही. स्प्रिंग पोलादाच्या बोथट पात्याला धार लावता येते, हे कोणत्याही पोलीस अधिकाऱ्याला दिसते. परदेशातून मागवलेली तलवार कस्टममध्ये अडकण्याची शक्यता मोठी. तेव्हा मागवण्याआधी जिल्ह्याच्या परवाना शाखेत किंवा पोलीस आयुक्तालयात लेखी विचारणा करा आणि उत्तरही लेखी घ्या. ओळखीतल्या हवालदाराने 'काही होत नाही हो' म्हटले, तर त्याला किंमत शून्य.

परदेशातल्या मराठी मंडळींसाठी थोडक्यात. ब्रिटनमध्ये २००८ साली ५० सेंटिमीटर किंवा त्याहून लांब वक्र पात्याच्या तलवारींवर बंदी आली. लाँगसोर्ड सरळ असल्याने त्या बंदीत येत नाही, पण १८ वर्षांखालच्याला ती विकता येत नाही आणि सबळ कारणाशिवाय सार्वजनिक जागी नेता येत नाही. जर्मनीत धारदार तलवार १८ वर्षे पूर्ण झालेल्याला घेता येते, पण बाहेर नेताना ती कुलूपबंद पेटीत असावी लागते. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात तलवार हे निषिद्ध हत्यार आहे. मेलबर्नकरांना संग्राहक किंवा तत्सम सवलतीत बसल्याशिवाय ती ठेवता येत नाही. अमेरिकेत राज्यागणिक आणि शहरागणिक नियम वेगळे.

भारतात राहून हा छंद करायचा असेल, तर माझा सल्ला सरळ आहे. स्टील विसरा, नायलॉनची किंवा लाकडी घ्या. सुरुवातीची दोन-तीन वर्षे शिकायला ती पुरते. लाकडी घडवून घ्यायची तर सागवान नको, ते हलके आहे आणि आघाताने चिरते. कुऱ्हाडीच्या दांड्यासाठी सुतार जे लाकूड काढतो ते मागा, धावडा किंवा बाभूळ. रेषा सरळ, गाठ नाही, असा तुकडा निवडून घ्या.

धारदार, बोथट की फेडर

स्टील घ्यायचे ठरलेच असेल, तर बाजारात तीन घराणी दिसतात.

धारदार प्रतिकृतीच्या कडा पातळ, जाडी मुळाशी पाच-सहा मिलिमीटर आणि टोकाकडे दोन-तीनपर्यंत उतरत गेलेली. ती कापण्याच्या सरावासाठी. माणसासमोर ती कधीही, संथ गतीतही, मुखवटा घालूनही उपसायची नाही.

बोथट प्रतिकृती दिसायला तशीच, फक्त कडा दीड-दोन मिलिमीटर जाड आणि टोक गोल. एकट्याच्या सरावाला आणि जोडीने ठरवून करायच्या संथ कवायतीला चांगली. मोकळ्या खेळाला मात्र ती बहुधा फार ताठ असते, भोसकल्यावर वाकत नाही.

फेडर, म्हणजे फेडरश्वर्ट, ही खेळासाठीच जन्मलेली तलवार. सोळाव्या शतकातल्या जर्मन तलवारबाजीच्या शाळांतल्या चित्रांत तिचा आकार स्पष्ट दिसतो. क्रॉसगार्डच्या पुढे पाते एकदम रुंद होते, आणि त्यापुढे थेट अरुंद, लवचिक पट्टी. मुळाशी ठेवलेल्या त्या रुंद भागामुळे वजन हाताजवळ राहते आणि टोकाकडचे पाते पातळ ठेवता येते. टोक गुंडाळून वळवलेले किंवा पसरवून गोल केलेले असते. क्लबात जाणार असाल तर पहिली खरेदी हीच. आणि तीसुद्धा क्लबात दोन-चार महिने उसन्या तलवारीने खेळल्यावर, कारण आपल्याला लांब मूठ आवडते की आखूड हे त्याआधी कळत नाही.

लांबीचा एक जुना ठोकताळा आहे. पिसाचा फिलिप्पो वादी पंधराव्या शतकाच्या अखेरीस सांगून गेला, की तलवार जमिनीवर उभी धरली तर पॉमेल काखेपर्यंत यावे. १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाला हे माप १२०-१२५ च्या आसपास येते. आजचे बरेच फेडर १३० च्या पुढे जातात आणि युरोपियन उंचीला ते शोभते. आपल्यापैकी अनेकांना मात्र ते खांद्यावर आणि मनगटावर भारी पडते. स्पर्धेत सगळे लांब घेतात म्हणून आपणही घ्यायचे, हे मला पटत नाही.

पोलाद आणि त्याला दिलेले पाणी

स्टेनलेस स्टीलची लांब तलवार ही शोभेची वस्तू. सुरी स्टेनलेसची चालते, कारण ती आखूड असते. तेच पोलाद ९० सेंटिमीटरच्या पात्याला वापरले तर जोराच्या आघाताने ते तुटू शकते आणि तुटलेला तुकडा कुठे जाईल याचा नेम नाही. वर्णनात '४२०' किंवा '४४० स्टेनलेस' दिसले, तर ती तलवार फिरवायचीसुद्धा नाही.

कामाच्या तलवारीला कार्बन किंवा स्प्रिंग पोलाद लागते. १०६०, १०७५, ५१६०, ६१५०, युरोपात ५१सीआरव्ही४, भारतीय कारखान्यांत ईएन ४५, अशी नावे दिसतील. यातल्या ५१६० आणि ईएन ४५ शी आपली जुनी ओळख आहे, ट्रकचे कमानपाटे याच जातीच्या पोलादाचे असतात. वाकून पुन्हा सरळ होणे हा त्याचा धर्म.

पण नाव वाचून हुरळून जाऊ नका. पोलाद कोणते यापेक्षा त्याला पाणी कसे दिले हे महत्त्वाचे. कडक तापवून तेलात बुडवले की पोलाद कडक होते, पण ठिसूळही होते. मग पुन्हा मध्यम आचेवर तापवून तो ठिसूळपणा काढावा लागतो. तलवारीसाठी रॉकवेल सी मापावर साधारण ४८ ते ५४ हा कडकपणा योग्य. त्याखाली गेले तर पाते वाकलेलेच राहते, फार वर गेले तर धारेचे टवके उडतात. विक्रेत्याकडे हा आकडा मागा. ज्याला तो ठाऊक नाही, त्याने ती तलवार घडवलेली नाही, नुसती आणून विकली आहे.

'दमास्कस'च्या नागमोडी नक्षीला भुलू नये, ही एक जाता जाता सूचना. लाँगसोर्डच्या काळात युरोपात ती पद्धत मागे पडून शतके उलटली होती. वर स्वस्तातल्या अशा पात्यांचे थर नीट जुळलेले असतीलच याची खात्री देता येत नाही.

न दिसणारा भाग

पात्याचा जो भाग मुठीच्या आत जातो त्याला टँग म्हणतात. तलवार बिघडते ती बहुतेक इथे, आणि नेमका हाच भाग फोटोत दिसत नाही. चांगल्या तलवारीत टँग हा पात्याचाच सलग भाग असतो. तो मुळाशी रुंद असतो, हळूहळू निमुळता होत पॉमेलमधून आरपार जातो आणि पलीकडे त्याचे डोके तापवून, ठोकून, रिबिटासारखे पसरवलेले असते. दुसरी पद्धत आटे पाडून नट लावण्याची. तीही चालते, उलट फेडरमध्ये ती सोयीची, कारण मूठ उघडून दुरुस्त करता येते. मात्र तिथे नट दर सरावाआधी तपासावा लागतो.

चालत नाही ती तिसरी पद्धत. पात्याच्या बुडाला एक बारीक आट्यांची सळई वेल्डिंग करून जोडायची आणि वर शोभिवंत मूठ चढवायची. वेल्डिंगच्या जागी पोलादाचे पाणी उतरलेले असते. जोराने फिरवताना ती सळई तुटली, की मूठ हातात राहते आणि पाते खोलीत उडते. विक्रेत्याला मुठीविना टँगचा फोटो मागा. चांगले कारागीर असे फोटो हौसेने दाखवतात.

टँग आणि पाते जिथे भेटतात तिथले दोन्ही कोपरे गोलसर हवेत. काटकोनात कापलेल्या कोपऱ्यातून चीर सुरू होते. हे कोणत्याही मशीन शॉपमधल्या माणसाला सांगावे लागत नाही.

तोल

वजन काट्यावर कळते, तोल हातातच कळतो. क्रॉसगार्डच्या पुढे पाते एका बोटावर आडवे ठेवून तोलबिंदू शोधा. लाँगसोर्डमध्ये तो गार्डपासून साधारण ५ ते १२ सेंटिमीटरवर सापडतो. जवळ असेल तर तलवार चपळ आणि टोक ताब्यात, लांब असेल तर घावाला जोर. पण नुसत्या तोलबिंदूवर विसंबू नये. पाते जाडच ठेवून पॉमेल अवाजवी जड केले, तरी तोलबिंदू कागदावर सुरेख येतो आणि तलवार मात्र हातात मेलेली वाटते. पात्याची जाडी मुळापासून टोकापर्यंत उतरत गेली पाहिजे. कॅलिपर असेल तर दर २० सेंटिमीटरवर मोजा. सगळीकडे सारखीच जाडी भरली, तर कारागिराने पट्टी कापून आकार दिला आणि तिथेच थांबला.

आणखी एक सोपी चाचणी. मूठ सैल धरून टोक खाली ठेवा आणि दुसऱ्या हाताच्या मुठीने पॉमेलवर हलकी टपली मारा. पाते थरथरेल, पण त्यावर एक जागा जवळजवळ स्थिर दिसेल, टोकापासून साधारण पात्याच्या तिसऱ्या हिश्शावर. घाव त्या जागेने बसला तर हाताला झिणझिण्या येत नाहीत. अशीच दुसरी स्थिर जागा मुठीत, गार्डजवळच्या हाताखाली यायला हवी. हे जमलेली तलवार ज्याने बनवली, त्याला आपले काम कळते.

किंमत आणि कारागीर

सुरुवातीच्या दर्जाची कामचलाऊ प्रतिकृती साधारण २५० ते ४०० डॉलर, चांगला फेडर ३०० ते ४५० युरो, संग्रहालयातल्या मूळ नमुन्याचा अभ्यास करून बनवलेली धारदार तलवार हजार डॉलरच्या पुढे. यापेक्षा फार स्वस्त काही दिसले तर टँगचा परिच्छेद पुन्हा वाचा.

या व्यापारात भारताचा वाटा मोठा आहे. देहरादूनची विंडलास स्टीलक्राफ्ट्स ही १९४३ साली खुकऱ्या बनवण्यापासून सुरू झालेली कंपनी आज युरोपियन तलवारींच्या प्रतिकृती जगभर पाठवते. पाश्चात्त्य छांदिष्टांच्या घरात टांगलेली कित्येक 'मध्ययुगीन' पाती उत्तराखंडात घडलेली असतात, पण आपल्याला ती घरी ठेवायला परवान्याचा प्रश्न येतो, ही गंमत. चीनमधली हानवेई मध्यम किमतीत विकते. फेडरसाठी हंगेरीच्या रेगेन्येई यांचे नाव क्लबांत सर्रास ऐकू येते. वरच्या दर्जात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनची अल्बियन आहे, तिच्यासाठी स्वीडनचे पेटर योन्सन यांनी अस्सल तलवारी मोजून आराखडे तयार केले. नामांकित कारागिरांकडे महिनोन्‌महिने थांबावे लागते. घाई असेल तर क्लबातल्या कोणाची वापरलेली घ्या. फेडर वापरलेलाच बरा, कारण घडणीतला दोष असता तर तो आतापर्यंत बाहेर आला असता.

पार्सल उघडल्यावर

कारखान्यातून आलेल्या पात्यावर चिकट ग्रीस असते. ते स्पिरिटने पुसून काढा आणि उजेडात बसा.

पाते डोळ्यासमोर बंदुकीसारखे धरून टोकाकडे बघा, आधी कडेवरून, मग सपाट बाजूवरून. सरळ आहे का, पीळ पडलाय का. मग क्रॉसगार्ड पात्याशी काटकोनात आहे का ते पाहा. मूठ घट्ट धरून पाते उलट्या मुठीने ठोका. स्वच्छ आवाज आला तर उत्तम. आत कुठे खडखड किंवा किरकिर ऐकू आली, तर गार्ड किंवा पॉमेल सैल आहे. बोथट पाते असेल तर टोक लाकडी फळीला टेकवून हळूहळू दाबा, वितभर कमान येऊ द्या आणि सोडा. सरळ झाले पाहिजे. कमान कुठे पडते तेही बघा. ती पात्याच्या पुढच्या अर्ध्या भागात हवी. मुठीजवळ वाकत असेल तर पाते मुळाशी कमकुवत आहे.

यातले काही बिघडलेले दिसले तर त्याच दिवशी फोटो काढून कळवा. एकदा वापरली की विक्रेता ऐकत नाही, आणि त्याचेही चूक नाही.

वापर

मोकळ्या खेळासाठी किमान साहित्य असे: तलवारबाजीचा मुखवटा, शक्यतो १६०० न्यूटनचा (भोसकण्याला टिकण्याचे माप), आणि त्यावर डोक्याची मागची बाजू झाकणारे आवरण. गळ्याला कडक गॉर्जेट, जाड जाकीट, कोपर आणि गुडघ्याची कवचे. आणि लाँगसोर्डसाठीच बनवलेले जाड हातमोजे. या हातमोज्यांची किंमत बघून लोक दचकतात. दीड किलोच्या पोलादी कडेखाली बोट सापडले की हाड मोडते, आणि लाँगसोर्डमध्ये सर्वांत आधी मार बसतो तो हातावरच. तलवार थोडी स्वस्त घ्या, हातमोजे नको.

कापण्याच्या सरावासाठी बाटल्यांपासून सुरुवात करा. पाण्याने काठोकाठ भरलेली, झाकण लावलेली. घाव तिरका, खांद्यापासून कमरेकडे. बाटली उडून पडली तर धारेचा कोन चुकला, खालचा तुकडा जागेवर उभा राहिला तर बरोबर. नंतर तातामी, म्हणजे जपानी गवती चटया, रात्रभर पाण्यात भिजवून, निथळून, उभ्या खुंटीवर. आजूबाजूला चार-पाच मीटर कोणी नको, आणि एका वेळी एकच माणूस तलवार घेऊन. झाड, खांब, जुना टायर, नारळ असले काही कापायला जाऊ नये.

निगा

कार्बन पोलाद गंजते. बोटांचे ठसे रात्रीत पिवळे होतात, आठवड्यात काळे. त्यामुळे तलवार ठेवण्याआधी पुसायची ही सवय लागली पाहिजे.

वापरून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने पाते मुळापासून टोकाकडे पुसा, कापणी केली असेल तर आधी ओलसर आणि मग कोरड्या. धारदार पाते पुसताना फडके पात्याच्या सपाट बाजूवर दाबून सरकवा, कडेभोवती गुंडाळून नव्हे. मग खनिज तेलाचा अगदी पातळ हात. शिलाई मशीनचे तेल चांगले चालते. खोबरेल किंवा गोडे तेल लावू नका, ते खवट होते आणि चिकट थर बसतो. महिनोन्‌महिने ठेवून द्यायची असेल तर तेलाऐवजी मायक्रोक्रिस्टलाइन मेण लावा, संग्रहालयांतही तेच वापरतात. लालसर डाग आलाच तर तेलात बुडवलेला बारीक, ६०० किंवा ८०० नंबरचा पॉलिश पेपर पात्याच्या लांबीच्या दिशेनेच फिरवा. आडवे घासले की ओरखडे जन्मभर दिसतात.

खंडेनवमीला घरातल्या तलवारीची पूजा करणारे बरेच आहेत, परदेशातही. पूजा जरूर करा. पण ओले कुंकू, हळद आणि पाणी शिंपडलेली झेंडूची फुले पात्यावर रात्रभर राहिली, की दसऱ्याला सकाळी त्याच आकाराचे डाग उमटलेले असतात आणि ते सहजी जात नाहीत. गंध-फूल मुठीला वाहा, किंवा पात्यावर आधी मेणाचा थर द्या आणि आरती झाली की पुसून घ्या.

फेडरची निगा वेगळी. पोलादावर पोलाद आपटले की कडेवर खाचा पडतात आणि खाचेच्या ओठावर बारीक काटे उभे राहतात. ते काटे हातमोजे फाडतात, जाकीट फाडतात, क्वचित कातडीही. प्रत्येक सरावानंतर जुन्या बनियनचा तुकडा कडेवरून हलकेच फिरवा. जिथे धागा अडकला तिथे काटा. बारीक दातांची सपाट कानस घेऊन तो काढा, मग २४० नंबरच्या एमरी पेपरने कड गोल करा. खोल खाच पूर्ण नाहीशी करायच्या नादात कडेचे सगळे पोलाद घासून टाकू नका. खाचेचा तळ टोकदार राहू नये, गोलसर व्हावा, एवढे पुरे. टोकदार तळातून चीर धावते.

पाते सतत एकाच बाजूला वाकून कायमची कमान धरू लागते. जमिनीवर बसून, बूट किंवा गुडघा मध्ये घेऊन, हाताने हळूहळू उलट दाब देत ते सरळ करता येते. एका झटक्यात करू नका, थोडे दाबा, बघा, पुन्हा दाबा. महिन्यातून एकदा भिंग घेऊन दोन जागा निरखा. जिथे पाते क्रॉसगार्डमध्ये शिरते ती, आणि टोकाकडचा तिसरा हिस्सा. केसासारखी काळी रेघ दिसली, बोटाने पुसून गेली नाही, नखाला लागली, तर ती चीर आहे.

मुठीवरचे चामडे घामाने कडक होते, त्याला अधूनमधून चामड्याचे बाम लावा. ते सैल झाले तर उलगडून, आतला दोरा नव्याने आवळून पुन्हा चढवता येते. आटे असलेल्या पॉमेलचा नट दर सरावाआधी बोटाने बघायचा.

ठेवणे आणि नेणे

म्यानात ठेवू नका. चामड्याचे म्यान ओल धरते, आणि चामडे कमवताना वापरलेली द्रव्ये पोलाद खातात. म्यान समारंभापुरते. एरवी पाते उघडे, तेलाचा हात देऊन, कोरड्या कपाटात, शेजारी सिलिका जेलच्या दोन-चार पुड्या. दमट हवेच्या गावात राहत असाल तर पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी कपाट उघडून बघा. भिंतीवर टांगायची असेल तर मूल खुर्ची लावून पोचणार नाही अशी जागा आणि कुलूप लागणारी चौकट. पाहुणे आले की 'ही खरी आहे का?' विचारतात आणि उत्तर ऐकायच्या आत हात घालतात. धारदार तलवार दिवाणखान्यात नकोच.

क्लबात नेताना कुलपाची लांब पेटी किंवा पिशवी, गाडीत डिकीत. ट्रेनने जात असाल तर सभासदपत्र बरोबर. विमानात फक्त चेक-इन सामानात, आणि तेही आधी कंपनीला विचारून. मधल्या विमानतळाच्या देशाचा कायदाही बघावा लागतो, तिथे सामान बदलले जात असेल तर विशेष.

पाते गेले की

फेडर टिकाऊ असला तरी अमर नसतो. आठवड्यातून दोनदा खेळणाऱ्याचे पाते काही वर्षांत थकते. चीर सापडली की त्या दिवसापासून ते बाद. वेल्डिंग करून आणू नका, कोणी कितीही खात्री दिली तरी, कारण वेल्डिंगने आजूबाजूचे पाणी उतरते आणि तलवार पुढच्या वेळी शेजारच्या जागी तुटते. नटाची मूठ असेल तर बरेच कारागीर नुसते पाते विकतात, गार्ड आणि पॉमेल तेच वापरता येते. ठोकून पक्के केलेल्या मुठीची असेल तर कारागिरालाच परत पाठवावी लागते. जुने पाते भंगारात टाकण्याआधी ग्राइंडरने तीन-चार तुकडे करा. अख्खे पाते कचऱ्यात सापडले तर चौकशी तुमच्या दारात येईल.